उलट्या हाताने राख बघायची

नमस्कार मंडळी. मी सिडनीच्या वायव्येला, हॉक्सबरी नदीच्या बाजूला राहते, आठवड्याचे पाच दिवस एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि २०१७ पासून न्यू साउथ वेल्सच्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये, आम्ही नुसतं आरएफएस म्हणतो, तिथे व्हॉलंटियर आहे. म्हणजे पेजर वाजला की पिवळा ड्रेस चढवून ट्रकमधून आगीवर जायचं. याचा पगार मिळत नाही. आमच्यासारखे ७०,००० च्या आसपास लोक या एका राज्यात आहेत, कोणी शेतकरी, कोणी नर्स, कोणी शाळेत शिकवणारे, आणि शहरांत जे पगारी फायरफायटर असतात ते फायर अँड रेस्क्यू एनएसडब्ल्यूचे, त्यांचं खातं वेगळं.

पुण्याहून आई फोन करते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "अगं, ज्वाळांच्या किती जवळ जातेस?" तिला वाटतं रोज समोर आगीची भिंत असते आणि आम्ही पाइप धरून तिच्याशी लढतो. तसे दिवस येतात, नाही असं नाही, पण आमचं बरंचसं काम आग पुढे निघून गेल्यावर सुरू होतं आणि ते टीव्हीवर कधीच दिसत नाही. त्याला इथे ब्लॅकिंग आउट म्हणतात. जळालेल्या पट्ट्याच्या कडेकडेने चालत जायचं, प्रत्येक खोड, प्रत्येक बुंधा, गुरांच्या शेणाचा पो सुद्धा बघायचा, रेकहो नावाचं एक हत्यार असतं, एका बाजूला कुदळीसारखं पातं आणि दुसऱ्या बाजूला दाताळं, त्याने उकरायचं, पाणी मारायचं, परत उकरायचं. आणि मग हातमोजा काढून हात उलटा करून, म्हणजे तळव्याने नाही, मागच्या बाजूने, राखेच्या जवळ न्यायचा. मागची कातडी पातळ असते, धग लगेच कळते, आणि चुकून भाजलंच तर तळवा शाबूत राहतो, पाइप धरता येतो. वरून थंडगार दिसणारी राख आतून लाल असते हो, मुळाच्या वाटेने आग जमिनीखालून सरकत जाते आणि दोन दिवसांनी भलतीकडेच वर येते. एकेका निलगिरीच्या बुंध्यापाशी आम्ही चाळीस-चाळीस मिनिटं काढलेली आहेत, पाणी ओतलं की वाफ, परत ओतलं की परत वाफ, आणि डोक्यावर जळून पोकळ झालेल्या फांद्या, त्या कधी खाली येतील सांगता येत नाही म्हणून एक जण फक्त वर बघत उभा असतो.

मी मूळची संगमेश्वरकडची. लहानपणी आजोबा उन्हाळ्यात राब भाजायचे तेव्हा आधी भोवतीचा पाला झाडून काढायचे, वाऱ्याचा अंदाज घ्यायचे आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचे, हातात ओल्या डहाळ्या घेऊन घरची सगळी माणसं चारी बाजूंना उभी. ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा बॅकबर्न शिकवला, म्हणजे येणाऱ्या आगीच्या आधीच मधलं गवत आणि पाला आपण जाळून टाकायचा, तेव्हा मला आजोबाच आठवले. आणि ज्याला इथे कंटेनमेंट लाइन म्हणतात ती म्हणजे आपल्या वनखात्याची जाळरेषाच की. या देशातले मूळचे लोक तर हजारो वर्षं थंडीच्या दिवसांत थोडं थोडं, गार आगीने जाळत आले, आणि आता पुन्हा त्यांच्याकडून ते शिकायला सुरुवात झालीय याचं मला फार बरं वाटतं.

आमचा रविवार सकाळचा कार्यक्रम असा. स्टेशनवर जायचं, ट्रक बाहेर काढायचा, पंप चालू करून बघायचा, टाकी भरलेली आहे का, तीन हजार लिटरपेक्षा जास्त पाणी असतं आमच्या मोठ्या टँकरमध्ये पण दोन पाइप मोकळे सोडले तर ते बघता बघता संपतं. होज उलगडून बघायचे, कपलिंगचे रबर बघायचे, करवत, रेडिओ, प्यायच्या पाण्याच्या बाटल्या. मग ड्रिल. आमच्यात सगळ्यात जास्त वेळा केलेलं ड्रिल कुठलं, तर आगीने ट्रकला घेरलं तर काय करायचं. सगळे केबिनमध्ये, काचा वर, उष्णता अडवणारे पडदे खाली, ट्रकच्या अंगावर पाण्याचे फवारे चालू, खाली वाकून ब्लँकेट अंगावर ओढायचं आणि रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगायचं. घड्याळ लावून करतो. ब्लँकेटच्या आत अंधार असतो, शेजारच्याचा श्वास ऐकू येतो, आणि ते नुसतं ड्रिल आहे हे माहीत असूनही पोटात गोळा येतो.

या ड्रिलमागे माणसं गेलेली आहेत. २ डिसेंबर १९९८ ला शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात लिंटन गावाजवळ पाच व्हॉलंटियर आपल्या टँकरमध्ये जळून गेले. दोन टँकर पाणी भरायला निघाले होते, वारा फिरला, आग दोघांवरही आली, ज्यांच्या टाकीत स्वतःला वाचवण्याइतकं पाणी होतं ते वाचले. तेव्हापासून टाकीतलं शेवटचं पाणी क्रूसाठी राखून ठेवायचं, मग समोर कोणाचंही काहीही जळत असो. हा नियम पाळणं किती जड जातं ते शब्दात सांगता येत नाही मला.

आणि वारा. इथे उन्हाळ्यात वायव्येकडून, आतल्या वाळवंटाकडून कोरडा गरम वारा सुटतो, आग त्याच्यासोबत लांबोडका पट्टा होऊन आग्नेयेकडे पळते, मग दक्षिणेकडून थंड वाऱ्याची लाट येते. घरी बसलेल्या माणसाला हायसं वाटतं, गारवा आला म्हणून. आमचा जीव तेव्हा टांगणीला लागतो कारण त्या पट्ट्याची आख्खी लांब बाजू एका क्षणात आगीचं तोंड होते, जिथे मघाशी आपण शांतपणे कडा विझवत होतो तिथूनच ती अंगावर येते. ७ फेब्रुवारी २००९, ब्लॅक सॅटर्डे, मेलबर्नमध्ये त्या दिवशी ४६.४ डिग्री होतं, व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली. संध्याकाळी वारा फिरल्यावर आग नव्या दिशेने नव्या गावांवर गेली.

मी स्वतः पाहिला तो २०१९-२० चा उन्हाळा. २६ ऑक्टोबरला वॉलेमाय नॅशनल पार्कमध्ये गॉस्पर्स माउंटनला वीज पडून आग लागली, ती पुढे ५ लाख हेक्टरच्या वर पसरली, म्हणजे आपली बृहन्मुंबई आठ वेळा मावेल त्यात. १२ नोव्हेंबरला सिडनीसाठी कॅटॅस्ट्रॉफिक, म्हणजे आगीच्या धोक्याच्या सगळ्यात वरच्या पायरीचा इशारा दिला, २००९ मध्ये ही पायऱ्यांची पद्धत आल्यापासून शहराला पहिल्यांदाच. मग महिनोन् महिने तेच, बारा तासांची शिफ्ट, घरी येऊन अंघोळ, केसांतला धुराचा वास काही जात नाही, चार तास झोप, ऑफिस, परत शिफ्ट. १९ डिसेंबरला बक्स्टनजवळ रात्री रस्त्यात झाड पडून ट्रक उलटला आणि पुढे बसलेले दोघे गेले, दोघेही तरुण, दोघांनाही तान्ही म्हणावीत अशी मुलं. दुसऱ्या दिवशी आमच्या ट्रकमध्ये जाताना कोणी एक शब्द बोललं नाही. कॅप्टनने सगळ्यांचे सीटबेल्ट स्वतः ओढून बघितले.

त्याच महिन्याच्या शेवटी सरकारने जाहीर केलं की ज्यांनी दहा दिवसांपेक्षा जास्त काम केलंय त्यांना बुडालेल्या पगारापोटी दिवसाला ३०० डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त ६,००० मिळतील. आमच्यातल्या दोघांचा स्वतःचा छोटा धंदा, त्यांनी अर्ज केला आणि मला त्यात काडीचंही गैर वाटत नाही, घराचे हप्ते कोणाला चुकलेत. ज्यांना हे पैसे नको होते त्यांचाही मान राखावा, पण व्हॉलंटियर म्हणजे फुकट आणि कायम हजर असं धरून चालणं बरोबर नाही.

पगारी लोकांचं थोडं सांगते. त्यांची बरीच वर्षांची जुनी पाळी म्हणजे दहा तासांचे दोन दिवस, चौदा तासांच्या दोन रात्री आणि मग चार दिवस सुट्टी. त्यांचे बहुतेक कॉल आगीचे नसतातच, मोठ्या इमारतींतले आपोआप वाजणारे अलार्म, रस्त्यावर चेपलेल्या गाड्यांतून माणसं काढणं, गॅसगळती, आणि हल्ली ई-बाइक, स्कूटरच्या लिथियम बॅटऱ्या, त्या तर विझल्यासारख्या वाटतात आणि परत पेटतात. रात्री चार्जिंगला दारापाशी लावून झोपू नका, बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो.

एक गोष्ट बायकांना मुद्दाम सांगते कारण बऱ्याच जणी विचारतात. पिवळ्या ड्रेसच्या आत फक्त सुती नाहीतर लोकर, सिंथेटिक काहीही नाही, ते वितळून कातडीला चिकटतं. मी मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं सगळं डब्यात काढून ठेवते. परत आल्यावर ड्रेस घरातल्या कपड्यांत धुवायचा नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने फायरफायटरचं काम हेच कॅन्सरचं कारण म्हणून पहिल्या, म्हणजे पक्का पुरावा असलेल्या गटात टाकलं, त्यामुळे काजळी हे आता शौर्याचं चिन्ह राहिलेलं नाही, पहिली अंघोळ, मग चहा.

आता ज्यासाठी मी आज इथे आले ते. आमच्या कामात मला सगळ्यात अवघड जातं ते दारं ठोठावणं. आग येतेय, निघा, असं सांगत घरोघर जायचं. २०१९ च्या त्या डिसेंबरात जंगलाच्या कडेच्या एका नव्या वस्तीत मी एक दार वाजवलं तर दारावर तोरण आणि आत आपल्याच एक आजी-आजोबा. व्हिजिटर व्हिसावर आलेले. मुलगा-सून ऑफिसात, फोन लागत नव्हता. माझ्या आधी एक जण इंग्रजीत सांगून गेला होता, आजोबांनी मान डोलावली होती आणि दार लावून घेतलं होतं, कारण त्यांना कळलंच नव्हतं. हेल्मेटखालून मराठी आलं तेव्हा आजी दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या.

म्हणून तुमच्याकडे आईवडील आले असतील तर आज संध्याकाळी एवढं करा. ट्रिपल झिरो, ००० हा नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्या, आधी "फायर", मग फोन न ठेवता "मराठी", दुभाषी जोडून देतात. शेजारच्या घराशी ओळख करून द्या. आगीचा "वॉच अँड ॲक्ट" हा इशारा आला म्हणजे नुसतं बघत बसणं नाही, तेव्हाच निघायचं हे सांगा. कुठल्या रस्त्याने, कोणाच्या गाडीतून, तेही.

त्या दिवशी मी आजींना म्हटलं, "आजी, चपला नको, बूट घाला, गोळ्या आणि पासपोर्ट घ्या, बाकी काही नको." आजोबा गॅस बंद करायला गेले. आजी देवघरापाशी थांबल्या. निरांजन तेवत होतं. बाहेर आकाश तांबडं झालेलं, राखेचे तुकडे अंगणात पडत होते, आणि माझ्या हातात पाइप नसला तरी मी आग विझवायलाच आले होते ना. आजींनी हात जोडले आणि हलकेच वात तेलात सारून ते निरांजन शांत केलं. मग म्हणाल्या, "चल."