जीव घाबरतोय, सिस्टर

(दृश्य: रात्रीचे अडीच. रुग्णालयाचा अपघात विभाग. बाहेरच्या बाकांवर सोलापुरी चादरी अंगावर ओढून झोपलेले नातेवाईक. रिक्षा येऊन थांबते.)

निवेदन:

रिक्षातून एका बाईंना धरून उतरवतात. हात छातीवर, कपाळावर घाम. सोबतचा मुलगा एवढंच सांगतो, "आईचा जीव घाबरायलाय."

सोलापुरात हे वाक्य चार भाषांत ऐकू येतं. मराठीत जीव घाबरतो, तेलुगूत गाभरा होतो, कन्नडमध्ये गाबरी, उर्दूत घबराहट. पूर्व भागातली विणकराच्या घरातली आजी असो, अक्कलकोटकडून आलेला कानडी शेतकरी असो, नाहीतर विजापूर वेशीतला फळवाला. भाषा वेगळी, शब्द जवळपास एकच. नैराश्य, चिंताविकार हे शब्द फाइलीत लिहिले जातात, तोंडात येत नाहीत. तोंडात येतं ते छातीत धडधडणं, डोकं गच्च होणं, हातापायाला मुंग्या येणं, पोटात गोळा उठणं.

बाईंची छातीची पट्टी काढतात. ईसीजी नॉर्मल. रक्तदाब थोडा वर. हृदय आधी तपासायचं हे बरोबरच आहे, ते टाळून चालत नाही. पण पट्टी नॉर्मल आल्यावर पुष्कळदा एक वाक्य सहज बोललं जातं : "तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा."

हे चित्रीकरण करताना मी ज्या ज्या रुग्णांशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांना हेच वाक्य सगळ्यात जास्त लागलं होतं. झालेलं असतंच. धोका नसताना मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अंगात अॅड्रेनलिन सुटतं, हृदय पळायला लागतं. श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. माणसाला खरोखर वाटतं की आता आपण मरणार. हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि मग ओसरतो. ती दहा मिनिटं ज्यानं काढलीत, त्याला "काही झालं नाही" सांगणं म्हणजे त्याला खोटं ठरवणंच झालं.

(दृश्य: कुंभारी. विडी कामगारांच्या वसाहतीतली एक गल्ली. ओट्यावर मांडीत सूप घेऊन बसलेल्या बायका. बोटं दिसतात, चेहरे नाहीत.)

सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत आहे. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली. इथल्या एका घरातल्या अक्का आमच्याशी बोलल्या. हात थांबवले नाहीत. पान भिजवायचं, कात्रीनं मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. खराब निघाल्या की छाट, त्याचे पैसे नाहीत.

मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, यंत्रमाग बंद पडला, मग ते प्यायला लागले. मुलीचं लग्न तोंडावर. अक्कांची झोप गेली ती तेव्हापासून. "मग धडधड सुरू झाली. पाच डॉक्टर केले बघा. सलाईन लावली की दोन दिवस बरं वाटायचं. पैसे मात्र दर खेपेला जायचे." सहाव्या डॉक्टरांनी विचारलं, "अक्का, झोप कधीपासून नाही?" त्या तिथंच रडल्या. कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं, असं म्हणाल्या.

मनाच्या डॉक्टरांनी गोळी दिली. पाचव्या दिवशी अक्कांनी ती बंद केली, कारण मळमळायला लागलं होतं आणि शेजारीण म्हणाली की ही झोपेची गोळी, सवय लागते. हे फार घडतं म्हणून इथं थोडं थांबतो. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा त्रास पहिल्या आठवड्यात जाणवतो आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे औषध लागू पडण्याच्या आधीच माणूस ते सोडून देतो. गोळी लिहून देताना ही एवढी गोष्ट नीट सांगायला दोन मिनिटं लागतात. ओपीडीबाहेर शंभर माणसं उभी असली की तीच दोन मिनिटं कापली जातात.

अक्कांना डॉक्टरांकडे परत नेलं ते गल्लीत येणाऱ्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकेनं. त्यांनी विचारलं, "मळमळ होते हे डॉक्टरांना सांगितलं का?" नव्हतं सांगितलं. जेवणानंतर गोळी घ्यायला सांगितली, मात्रा बदलली. आता अक्का गोळीही घेतात आणि सोमवारी सिद्धेश्वरालाही जातात. डॉक्टरांनी दोन्हींतलं एकही सोडायला सांगितलेलं नाही.

सरकारी रुग्णालयांत या विभागाला मनोविकृतीशास्त्र विभाग म्हणतात. पाटीवर 'विकृती' वाचून किती जण दारातून परतले असतील! ही पाटी बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही अक्कांचे आधीचे पाच डॉक्टर आठवले की हे आकडे परके वाटत नाहीत.

(दृश्य: वॉर्ड. पहाटेचे चार. टेबलावर एकच दिवा. सिस्टर टीपीआरचा (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा) कागद भरताहेत. पाठमोऱ्या.)

आता या बाजूचं, उपचार करणाऱ्यांचं, बोलायचं आहे. त्याला एक कारण आहे.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझे वडील भरती होते. ऑक्सिजनचा आकडा ८४ वर आला आणि मी वॉर्डातल्या सिस्टरवर ओरडलो. काय बोललो ते इथं सांगवत नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही. मास्कची दोरी घट्ट केली, वडिलांना पालथं झोपवलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. वडील घरी आले. त्या सिस्टरांचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही, फक्त डोळे पाहिले. ही फिल्म तेव्हापासून डोक्यात आहे.

आज ज्या सिस्टर आपल्यासमोर आहेत त्या वेगळ्या. नाव नको, चेहरा नको, वॉर्डाचा नंबरही नको म्हणाल्या. बावीस वर्षं नोकरी. त्यांनी एका पहाटेची गोष्ट सांगितली. चार वर्षांचं पोर होतं, रात्रभर झुंजलं आणि साडेपाचला गेलं. आईला त्यांनीच सांगितलं. "मग सहाची इंजेक्शनं होती. अठरा पेशंट. रडायला वेळ कुठंय?" आठला हँडओव्हर दिला. वहीत त्या पोराची एक ओळ. घरी जाऊन भाकरी थापल्या, मुलाचा डबा भरला.

अशा किती ओळी, मी विचारलं. त्या गप्प बसल्या.

(दृश्य: भैया चौकाजवळचं डॉ. कोटणीस स्मारक. सकाळचं ऊन. शाळेची मुलं रांगेत.)

सोलापुरात डॉक्टरांच्या कष्टाचा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. जन्म याच शहरात, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि युद्धातल्या जखमींवर उपचार करत तिथंच राहिले. सलग ७२ तास न झोपता त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, असं आम्हाला शाळेत सांगायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो.

पुढचं कुणी सांगितलं नाही. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले तेव्हा वय होतं ३२. अपुरी झोप हे झटके वाढवते, हे आज वैद्यकाचा कुठलाही विद्यार्थी सांगेल. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान परिचारिका होत्या. त्यांनी काय काय पाहिलं असेल, हे या स्मारकात उभं राहिल्यावर सारखं मनात येतं. माझ्या मनातला कोटणीसांबद्दलचा आदर यानं तसूभरही कमी होत नाही. पण ते ७२ तास आपण मुलांना शौर्य म्हणून सांगत आलो, आणि पुढे तोच रिवाज झाला.

१० ऑक्टोबर हाच जागतिक मानसिक आरोग्य दिन, १९९२ पासून पाळला जातो. योगायोगच आहे, पण सोलापूरनं तो लक्षात ठेवावा असा आहे.

त्याच १९९२ साली केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिलं गेलं की सलग काम साधारणपणे १२ तासांच्या वर नसावं. आम्हाला भेटलेल्या एका जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टर मुलानं त्याचं कुठलं तरी कॉलेज सांगितलं, मी ते सांगणार नाही. तो म्हणाला, "सर, छत्तीस तासांनंतर पेशंट कळवळायला लागला की राग येतो. दया येत नाही. मला माझीच भीती वाटायला लागली."

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची जी तीन लक्षणं दिली त्यातलं हे दुसरं. पहिलं म्हणजे पार गळून जाणं, दुसरं कामापासून मन तुटणं, तिसरं आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी उपजणारी अवस्था म्हणते. म्हणजे उपाय त्या मुलाला प्राणायाम शिकवून संपत नाही. ड्युटीचा तक्ता बदलावा लागतो, माणसं वाढवावी लागतात, रात्री नातेवाईक अंगावर धावून आले तर दाराशी सुरक्षारक्षक असावा लागतो. रुग्णालयातल्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. रात्री तीनला तो वॉर्डात दिसत नाही.

(दृश्य: अपघात विभाग. अडीचला आलेल्या बाई. शेजारी सिस्टर स्टूलवर बसलेल्या. दोघींचे फक्त हात.)

त्या रात्रीकडे परत येऊ. ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले. सिस्टर बाईंजवळ बसल्या आणि तेलुगूत मोजायला लागल्या. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, श्वास आत. मग सहापर्यंत, हळूहळू बाहेर. श्वास लांबवून सोडला की हृदयाची गती उतरते. सिस्टर मराठी, पण मोजणं तेलुगू शिकून घेतलंय. म्हणाल्या, घाबरलेल्या माणसाला आईच्या भाषेतले आकडे लवकर कळतात.

पाच मिनिटांनी बाईंचा हात सैल झाला. सिस्टरांनी एक नंबर कागदावर लिहून मुलाच्या खिशात घातला : १४४१६. टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा, चोवीस तास, फुकट, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्येही बोलता येतं. २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेली सेवा. मुलगा हळूच म्हणाला, मागच्या महिन्यात आईनं विषारी औषध प्यायचा प्रयत्न केला होता, पोलिसांच्या भीतीनं कुणाला बोललो नाही. सिस्टरांनी सांगितलं की २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानतो. शिक्षेची नव्हे, उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. मग त्यांनी स्वतः डॉक्टरांना बोलावून आणलं.

(दृश्य: कॅमेरा बंद. काळा पडदा. फक्त आवाज.)

चित्रीकरण आवरताना सिस्टर म्हणाल्या, "कॅमेरा बंद आहे ना? मला पण होतं हो. नाइटला निघताना चप्पल घातली की जीव घाबरतो. त्या पोरानंतर जास्तच." मी विचारलं, कुणाला दाखवलंत? "आमच्यातलं कोण दाखवतं? उद्या वॉर्डात सगळ्यांना कळेल."

हा आणि पुढचा, हे शेवटचे दोन प्रसंग त्यांच्या परवानगीनं इथं घेतले आहेत.

(दृश्य: मंगळवार सकाळ. केसपेपरची खिडकी. लांब रांग. कॅमेरा दूरवर, फक्त पाठी दिसतात.)

रांगेत त्या चौथ्या होत्या. युनिफॉर्म नाही, साधी निळी साडी. खिडकीतल्या बाबूनं ओळखलं.

"सिस्टर, तुम्ही रांगेत? कुणाचा पेपर काढायचाय, आत या की."

त्या जागच्या हलल्या नाहीत. पुढचे तिघे झाल्यावर दहाची नोट पुढे केली आणि स्वतःचं नाव सांगितलं.

"वय?"

"४६."

"कुठली ओपीडी?"

मागच्या माणसानं ऐकावं इतक्या स्पष्ट आवाजात त्यांनी सांगितलं.