एकच अक्षर धरून

(पडदा काळा. फक्त आवाज.)

‘वि...’

शब्द आहे ‘विदेरुन्त’. लॅटिनमध्ये, ‘त्यांनी पाहिलं’. नाताळच्या उपासनेतला. पण पहिलं अक्षरच संपत नाहीये. खालचा आवाज ते धरून बसलाय आणि वर तीन आवाज एकमेकांना ओलांडत, घासत, पुन्हा जुळत चाललेत. आपल्या कानाला लगेच तानपुरा आठवतो. पण हा तानपुरा नव्हे. ही ग्रेगोरियन चाल आहे, म्हणजे चर्चच्या उपासनेत एकाच सुरावटीत गायची चाल, तेव्हाही जुनी असलेली. तिचा एकेक सूर ताणून लांबवला आणि १२०० च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चमध्ये पेरोतँ या संगीतकाराने त्यावर नवे मजले चढवले.

(मंचावर चार पुरुष. हातात स्वरलिपीचे कागद.)

हिलियर्ड एन्सेम्बल, गायकांचा चमू. इंग्लंड, १९७४. नाव घेतलं निकोलस हिलियर्डवरून. तळहातावर मावतील एवढी व्यक्तिचित्रं काढणारा हा सोळाव्या शतकातला चित्रकार. नाव शोभतं. मोठ्या वृंदात एखादा आवाज घसरला तर बाकीचे सावरून घेतात. चौघांत लपणार कुठे? म्हणून आवाज सरळ, जवळजवळ बिनकंपाचा. वरच्या पट्टीत डेव्हिड जेम्स. डोळे मिटले तर पुरुष गातोय हे पटत नाही.

याच गळ्यांनी एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पेर्त याच्या रचना गायल्या. मोजके सूर, घंटेसारखे. येशूच्या यातनांची त्याची ‘पासिओ’ १९८२ ची, पण कान म्हणतात, बाराव्या शतकातली असेल.

(ऑस्ट्रिया. डोंगरातला सांक्ट गेरोल्ड मठ.)

सप्टेंबर १९९३. चौघांबरोबर यान गार्बारेक, नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक. झाकीर हुसेन आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर वाजवलेला. त्याच्यापुढे स्वरलिपी नाही. तो ऐकतो आणि वाट काढतो. सोवळ्यातल्या संगीतात जाझ कशाला, म्हणून काहींनी नाकं मुरडली. पण पेरोतँने तरी वेगळं काय केलं होतं?

१९९४ मध्ये ध्वनिमुद्रिका आली, ‘ऑफिशियम’. वीस वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, लंडनच्या विगमोर हॉलमध्ये हिलियर्डचा शेवटचा कार्यक्रम झाला.

(मठाचा गाभारा. रिकामा.)

त्या ध्वनिमुद्रिकेत स्पेनच्या मोरालेसची एक रचना तीनदा येते. ‘पार्चे मिही, दोमिने.’ सोड मला, प्रभो, माझे दिवस म्हणजे काहीच नाहीत. पहिल्यांदा आणि शेवटी सॅक्सोफोन आहे. ही मधली.

(निवेदन थांबते. चार आवाज.)