राणीचा हीरकमहोत्सव आणि आपलं पुणं

नमस्कार श्रोतेहो! आज बोलायचंय १८९७ सालच्या एका सेलिब्रेशनबद्दल. व्हिक्टोरिया राणीला गादीवर बसून ६० वर्षं झाली होती. खरं तर आदल्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने तिच्या आजोबांचा, तिसऱ्या जॉर्जचा, सगळ्यात जास्त वर्षं राज्य करायचा रेकॉर्ड मोडला होता, पण तेव्हा तिनेच सांगितलं की आत्ता काही नको, काय करायचं ते हीरकमहोत्सवालाच करा.

मग चेंबरलेन नावाचा वसाहतमंत्री होता, त्याने सुचवलं की युरोपातले राजे बोलवायलाच नकोत, आपल्या साम्राज्यातले लोक बोलवू. म्हणून कॅनडाचे, ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींचे पंतप्रधान आले, आणि मिरवणुकीत आपले हिंदुस्थानी घोडेस्वारसुद्धा होते. तारीख २२ जून. राणी ७८ वर्षांची, सेंट पॉल चर्चच्या पायऱ्या काही तिला चढवत नव्हत्या, तर प्रार्थनाच बाहेर पायऱ्यांपाशी ठेवली आणि ती गाडीतच बसून राहिली. राजवाड्यातून निघायच्या आधी तिने तारयंत्राचं बटण दाबलं आणि साम्राज्यभर निरोप गेला, की माझ्या प्रिय प्रजेचे मनापासून आभार, देव तुमचं भलं करो. लंडनमध्ये लाखो गरिबांना त्या निमित्ताने पोटभर जेवण मिळालं, ते चांगलंच झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण त्याच प्रजेत आपण पण होतो ना! आणि आपल्याकडे काय चाललं होतं? १८९६ पासून दख्खनमध्ये दुष्काळ, त्यात मुंबईत प्लेग आला, तिथून पुण्यात. सरकारने घाईघाईने साथरोग कायदा केला, १८९७ चाच, २०२० ला कोरोनात आपल्याकडे लावला ना, तोच तो कायदा. पुण्यात प्लेग कमिटीवर रँड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आणलं, आणि गोरे सोल्जर घराघरात घुसायला लागले, देवघर नाही बघायचं, माजघर नाही बघायचं, बायाबापड्यांना बाहेर काढून तपासायचं, सामान रस्त्यावर फेकायचं, माणसं छावणीत न्यायची. साथ आवरायला तपासणी हवीच होती हे मलाही पटतं, पण ती अशी करायची नसते. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या.

जूनपर्यंत प्लेग ओसरला होता, पण घरोघरी माणसं गेलेली, लोकांच्या मनातला राग तसाच. आणि अशा गावात २२ जूनला रात्री गणेशखिंडीत गव्हर्नमेंट हाउसवर मेजवानी आणि आतषबाजी! आज आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे ना, तिथली ती मुख्य इमारत. मला राहून राहून वाटतं की निदान पुण्यापुरता तरी हा कार्यक्रम रद्द करता आला असता, गव्हर्नरच्या हातात होतं ते, पण कुणाला तसं सुचलंच नाही, कारण लंडनमध्ये जे चाललंय ते सगळीकडे व्हायलाच पाहिजे असं ठरलेलं होतं.

चापेकर बंधूंनी, म्हणजे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तीन भावांनी, रँडला मारायला तोच दिवस धरला. म्हणजे बघा, एरवी रँड कधी कुठून जाईल सांगता येत नव्हतं, पण त्या रात्री तो तिथे येणार आणि त्याच रस्त्याने परत जाणार हे नक्की होतं. गणेशखिंड रस्त्याला अंधारात ते थांबले, "गोंद्या आला रे" अशी खूण झाली आणि दामोदरने रँडच्या बग्गीवर मागून चढून गोळी झाडली. दुसऱ्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णच्या गोळीने जागीच गेला. रँड ३ जुलैला गेला.

पुढचं तर फार जड आहे. महिन्याभरात टिळकांना केसरीतल्या लिखाणावरून राजद्रोहाखाली पकडलं, दीड वर्षाची शिक्षा झाली. दामोदरला १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी दिलं, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात पाच दिवसांत वासुदेव, त्यांचा साथीदार महादेव रानडे आणि बाळकृष्ण. एका आईचे तीन मुलगे गेले हो. चिंचवडला त्यांचा वाडा आहे, तिकडे जाणं झालं तर मुलांना नक्की घेऊन जा. नमस्कार.