जन्मतारीख: अंदाजे

नमस्कार मंडळी. संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'युद्ध आणि मुलं'. तो मला झेपणार नाही, म्हणून मी त्यातला एक कोपरा उचलला आहे: 1975 च्या एप्रिलमध्ये व्हिएतनाममधून विमानांत भरून परदेशी नेलेली मुलं. माझी बत्तीस वर्षं दत्तकाच्या कामात गेली. त्यामुळे मी या गोष्टीकडे युद्धाच्या बाजूने बघत नाही, फाईलच्या बाजूने बघते. ती सवय आता सुटणारी नाही.

सुरुवात भाषेपासून करते. व्हिएतनाममध्ये नवा माणूस भेटला की दुसरा-तिसरा प्रश्न वयाचा येतो. तो भोचकपणा नाही, ती व्याकरणाची गरज आहे. आपल्या 'मी'सारखा सगळीकडे चालणारा शब्द त्या भाषेत रोजच्या बोलण्यात वापरत नाहीत. 'तोय' असा एक शब्द आहे, पण तो कोरडा, चारचौघांतला. घरात, बाजारात माणूस स्वतःचा उल्लेख नात्यानेच करतो. समोरचा माझ्याहून थोडा मोठा असेल तर मी 'एम', म्हणजे धाकटं भावंड. तो लहान असेल तर मी 'ची', म्हणजे ताई. आईशी बोलताना मी 'कॉन', म्हणजे लेकरू. आपणही अनोळखी माणसाला दादा, मावशी म्हणतो, पण स्वतः 'मी'च राहतो. तिथे समोरचा बदलला की 'मी'सुद्धा बदलतो.

आता असा माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याची जन्मतारीख कुणीतरी दात बघून, वजन करून, अंदाजाने लिहिली आहे. तो चाळिशीत परत येतो, सायगावच्या रस्त्यावर उभा राहतो, आणि पहिलाच प्रश्न येतो: वय काय तुमचं?

(सायगाव. आपल्या वर्तमानपत्रांनी त्या शहराचं नाव असं काही मराठी करून टाकलं की लहानपणी मला ते येवल्याच्या पलीकडचं एखादं गाव वाटायचं.)

29 मार्च 1975 ला दक्षिण व्हिएतनाममधलं दा नांग शहर उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडलं आणि राजधानी सायगावही पडणार हे सगळ्यांना कळून चुकलं. 3 एप्रिलला अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी जाहीर केलं की अनाथाश्रमांतली मुलं विमानाने बाहेर काढली जातील. त्यासाठी वीस लाख डॉलर काढले. नाव पडलं 'ऑपरेशन बेबीलिफ्ट'. दुसऱ्याच दिवशी पहिलं सरकारी विमान निघालं. सी-5 गॅलेक्सी, लष्करी मालवाहू, अवाढव्य. तान्ह्या मुलांना वरच्या मजल्यावर एकेका आसनावर दोन-दोन अशी बांधली होती, थोडी मोठी मुलं खाली, माल ठेवतात त्या भागात. उड्डाणानंतर काही मिनिटांतच मागच्या दाराचे अडसर निकामी झाले आणि दार उडालं. वैमानिकाने विमान वळवलं, पण धावपट्टी गाठता आली नाही. ते सायगाव नदीकाठच्या भातखाचरात आपटलं. 138 माणसं गेली, त्यांत 78 मुलं होती. खालच्या भागातले जवळपास कुणी वाचलं नाही. विमानाबरोबर काही मुलांचे कागदही गेले.

उड्डाणं थांबली मात्र नाहीत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सायगावच्या विमानतळावर मारा होऊ लागेपर्यंत ती चालू राहिली. अमेरिकी सरकारी अहवालात आकडा आहे 2,547 मुलांचा. त्यांतली 602 पुढे इतर देशांत गेली आणि 1,945 अमेरिकेत राहिली. ऑस्ट्रेलियाने स्वतःची विमानं पाठवली. तिथे पोचलेल्यांतल्या कित्येक मुलांचे पहिले दिवस सिडनीच्या नॉर्थ हेडवरच्या जुन्या क्वारंटाईन स्टेशनात गेले.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते: कागद.

'अनाथ' हा शब्द मी नोकरीत फार जपून वापरायला शिकले. त्या काळच्या व्हिएतनामी अनाथाश्रमांत ज्यांचे आईबाप हयात आहेत अशी मुलं मोठ्या संख्येने होती. नवरा लढाईत, गाव जळालेलं, बाई शहरात धुणीभांडी करते. मूल नन्सकडे ठेवायचं, जमेल तसं भेटायला जायचं, बरे दिवस आले की घेऊन यायचं. आपल्याकडे मूल आजोळी ठेवतात, वसतिगृहात घालतात, त्यातलाच हा प्रकार. त्या बाईच्या मनात 'कायमचं दिलं' हे कलम नव्हतंच. मग एप्रिल उजाडला. अमेरिकन शिपायापासून झालेल्या मुलांचं नवे सत्ताधारी काय करतील याच्या भयंकर अफवा उठल्या होत्या. आयांनी फोटो जाळले, पत्रं जाळली, कागदांवर सह्या केल्या. काहींनी त्याही केल्या नाहीत.

नावांचं तर विचारूच नका. आश्रमात आलेल्या निनावी बाळाला नन्स एक नाव द्यायच्या, परदेशी परिचारिका हाक मारायला दुसरं ठेवायच्या, आणि अमेरिकेतले पालक तिसरं. आणखी एक गोष्ट व्हायची. एखाद्या मुलाचा व्हिसा तयार असायचा, पण जाण्याआधीच ते दगावायचं, किंवा आई येऊन त्याला घेऊन जायची. मग त्याच कागदावर दुसरं मूल पाठवलं जायचं. पाठवणाऱ्यांना रागावणं सोपं आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं: कागद वाया गेला तर चालेल, जागा वाया जाऊ नये. पण त्या दुसऱ्या मुलाने पुढे पंचवीस वर्षं ज्या नावाचा शोध घेतला, ते नाव त्याचं नव्हतंच.

यात राजकारण नव्हतं असंही नाही. दक्षिण व्हिएतनामचे उपपंतप्रधान फान क्वांग दान यांनी आपल्या पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की मुलांच्या या जाण्याने अमेरिकेतलं लोकमत आपल्या बाजूला वळायला मदत होईल. मुलं रडत होती ती खरीच, पण कॅमेरेही हजर होते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडियो लष्करी तळावर मुलं उतरवली, तेव्हा तिथे मदतीला व्हिएतनामी बोलणारी एक परिचारिका होती. थोड्या मोठ्या मुलांशी ती त्यांच्या भाषेत बोलली. मुलं सांगू लागली: मला आई आहे, मला घरी जायचंय. त्यातून त्याच महिन्यात फेडरल कोर्टात दावा दाखल झाला. मागणी अशी की कोण खरोखर अनाथ आहे ते आधी तपासा, मगच दत्तक द्या. सगळ्या मुलांचा एकत्रित दावा म्हणून कोर्टाने तो चालू दिला नाही, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी म्हणून. सरकारी भाषेत याला 'प्रकरण निकाली' म्हणतात. पुढे निर्वासित म्हणून अमेरिकेत पोचलेल्या काही आया वेगवेगळ्या राज्यांत एकेकट्या लढल्या. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये असं एक मूल त्याच्या आईला परत दिलं. मधल्या काळात सांभाळलेल्या घराचं काय झालं असेल? दोन्ही बाजूंना रडणारं घर असतं, हे आमच्या धंद्यात कुणी शिकवत नाही.

मुलं मोठी झाली बहुतेक गोऱ्या गावांत. प्रेम मिळालं, बऱ्याच जणांना भरपूर मिळालं. पण त्या देशाला व्हिएतनाम विसरायचं होतं, आणि या मुलांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं. 'किती नशीबवान आहेस तू' हे वाक्य ज्याने हजार वेळा ऐकलंय त्याला विचारा, त्याचं ओझं किती असतं. आणि नागरिकत्व? परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना ते आपोआप देणारा अमेरिकेचा कायदा 2001 मध्ये लागू झाला, तोही त्या दिवशी अठरा वर्षांखाली असलेल्यांना. ही मंडळी तेव्हा पंचविशी ओलांडून गेली होती. लहानपणी ज्यांच्या पालकांनी अर्ज करायचा राहून गेला होता, त्यांचं घर, शाळा, आडनाव सगळं अमेरिकन, फक्त कागद नाही.

यातली एक गोष्ट मला झोपू देत नाही. दा नांगची एक मुलगी, बाप अमेरिकन, आईने सात वर्षांची असताना विमानात बसवलेली. टेनेसीतल्या एका छोट्या गावात वाढली. तू व्हिएतनामी आहेस हे कुणाला सांगू नकोस, असं घरातून बजावलेलं. बावीस वर्षांनी, 1997 मध्ये, आई सापडली. ती गेली, माहितीपटवाल्यांचा कॅमेराही बरोबर गेला. आधी मिठ्या, अश्रू. मग मुक्काम संपता संपता घरच्यांची बैठक बसली आणि भावाने रीतसर विचारलं: आईला तिकडे नेशील का? नाही तर दरमहा काही पैसे पाठवशील का? ती ढसाढसा रडली, उठून बाहेर गेली.

अमेरिकेत अनेकांना हा भाऊ लोभी वाटला. मी जरा या सभागृहाला विचारते. मुंबईला गिरणीत लागलेल्या मुलाची मनीऑर्डर येणं ज्यांच्या घरी पाहिलंय, त्यांनी हात वर करा. बघा. पैसे मागणं हाच त्या भावाचा मायेचा भाग होता. 'तू पाहुणी नाहीस, वाटेकरी आहेस,' असं तो सांगत होता. आणि तिला? तिला आई हवी होती, तिथे हिशेब निघाला. दोघांचंही खरं, आणि मध्ये एक दुभाषा.

आपल्याकडे 'ओळख' हा शब्द मोठा गमतीचा आहे. मी कोण, हीही ओळख. तुमची-माझी भेट झाली, हीही ओळख. आणि कुणी मला पाहून म्हणालं 'अगं, तू अमक्याची ना', तीही ओळखच. म्हणजे ओळख पटायला दुसरा लागतो. फाईलमधून पटत नाही. आणि तो दुसरा सापडला की रिकाम्या हाताने येत नाही. वडलांची तिथी, आईचा दवाखाना, भाच्याची फी, सगळं घेऊन येतो. व्हिएतनामी घरात पूर्वजांचा देव्हारा असतो, वर्षश्राद्धासारखा 'झो' चांद्र तिथीवर होतो. आई सापडली की तारखाही सापडतात, आणि त्या पाळाव्या लागतात.

शोध घेतलाच पाहिजे असा मात्र माझा आग्रह नाही. फिलिप रोएस्लर हे 1973 मधलं मूल, विमानांच्या त्या गर्दीआधीच नऊ महिन्यांचं असताना जर्मन जोडप्याने दत्तक घेतलेलं. पुढे डॉक्टर झाले, 2011 मध्ये जर्मनीचे उपचॅन्सेलर. जन्मदाते शोधण्याची ओढ आपल्याला नाही, असं त्यांनी सांगितलंय. तरी 2012 मध्ये मंत्री म्हणून ते व्हिएतनामला गेले तेव्हा सगळ्यांना त्यात घरवापसीच दिसत होती. काही लोकांना दुसऱ्याच्या मुळांची फारच काळजी.

आमच्या कचेरीतही अशी माणसं यायची. पुण्या-मुंबईतून परदेशी गेलेली. एकदा स्वीडनहून आलेली एक बाई माझ्यासमोर बसली होती. तिची फाईल दीड पानाची. तिने ती दोनदा वाचली आणि विचारलं, उरलेली कुठे आहे? उरलेली नव्हती. मी तिला चहा मागवला. यापलीकडे काय करावं, मला सुचलं नाही.

आता डीएनए चाचण्या आल्या. त्यात एक उलटी गंमत झाली आहे. चाचण्या करणारे मुख्यतः अमेरिकन, व्हिएतनामच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या कुठून करणार? त्यामुळे आईला शोधायला निघालेल्या माणसाला आधी सापडतो बापाकडचा चुलतभाऊ. बाप सैनिक होता, घरी कधी काही बोलला नाही, बहुधा आता नाही. ज्यांचे आईबाप दोघेही व्हिएतनामी, त्यांच्या हाती सगळ्यात कमी लागतं. त्यामुळे काही जण स्वतः नमुन्याची किट घेऊन व्हिएतनामला जातात, बायकांना विनंती करतात.

जाताना बहुतेक जण थोडी भाषा शिकून जातात, आणि वर्गात पहिल्या दिवशीच अडतात: मी 'एम' म्हणू की 'ची'? पण दक्षिणेकडे एक रिवाज आहे. आईच्या वयाची कुणीही बाई, ओळख असो वा नसो, तरुणाला 'कॉन'च म्हणते. सायगावच्या बाजारात फळं विकणारी म्हातारी या चाळिशीच्या, इंग्रजी वळणाने बोलणाऱ्या माणसाला सहज विचारते, कॉन, काय देऊ? उत्तरात त्यालाही स्वतःला 'कॉन'च म्हणावं लागतं. आणि तेवढ्यापुरती त्याला जन्मतारीख लागत नाही.