लांब बार, जलद काप?

[दृश्य: एकाच जाडीचे दोन ओंडके. दोन चेनसॉ शेजारी शेजारी.]

दोन्ही यंत्रं सारखीच. इंजिन 70 सीसीचं, साखळी एकाच मापाची, दोन्हींच्या दातांना नुकतीच कानस मारलेली. फरक फक्त बारचा, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीचा. एकाचा 16 इंची, दुसऱ्याचा 24 इंची. समोरचा ओंडका 10 इंच जाडीचा. कोणती करवत आधी आरपार जाईल?

पैज लावायची तर बरेच जण लांब बारवर लावतील. दिसायलाच दांडगा आहे तो.

[दोन्ही करवती एकदम लाकडात उतरतात.]

आता नीट बघा. दोन्ही जवळपास बरोबरीने खाली चालल्यात. झालाच फरक, तर आखूड बारवाली किंचित पुढे.

कारण शोधायचं तर बारकडे बघून उपयोग नाही. बाजूचं झाकण काढा. क्लचपाशी एक छोटं दातेरी चाक दिसेल, ते स्प्रॉकेट. याला दात 7. साखळीचा पिच, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा, 3/8 इंच धरा. चाकाचा एकेक दात साखळीला दोन पिच पुढे ढकलतो, म्हणून या चाकाच्या एका फेऱ्यात साखळी सव्वापाच इंच पुढे सरकते. मिनिटाला 10,000 फेरे धरा. साखळीचा वेग सेकंदाला साधारण 22 मीटर होतो, म्हणजे ताशी 80 किलोमीटर. या सगळ्या हिशेबात बारची लांबी कुठे आली? कुठेच नाही. बार हा साखळीचा नुसता रूळ आहे. रूळ लांबवला की प्रत्येक दात फिरून यायला जास्त वेळ घेतो, पण त्याच्यामागे रांगेत दातही जास्त असतात. नेहमीच्या साखळीत लाकडासमोरून सेकंदाला 580च्या आसपास दात जातात. बार 16 इंची असो वा 24 इंची, आकडा तोच.

[जवळून: लाकडात शिरलेली साखळी, संथ गतीत.]

या साखळीत दोन दातांमधलं अंतर दीड इंच. म्हणजे 10 इंची लाकडात एका वेळी सहा-सात दातच काम करतात. बाकीचे हवेत फिरतात. हवेतल्या दातांनी लाकूड कापलं जात नाही, उलट त्यांना ओढत नेण्यात थोडी ताकद जाते. बारच्या खाचेतलं घर्षण वाढतं, साखळीचं वजन वाढतं. आखूड बार किंचित पुढे गेला तो एवढ्यानेच.

मग लांबीचा काहीच संबंध नाही? आहे. तो जाड लाकडात दिसतो.

[दृश्य: 22 इंच जाडीचा ओंडका. 24 इंची बार जवळजवळ पूर्ण बुडतो. आवाज खाली येतो.]

हा आवाज ऐकलात? इंजिनाचे फेरे पडले. आता एका वेळी चौदा-पंधरा दात लाकडात आहेत. इंजिनाची ताकद तेवढीच, हाताचा दाबही तेवढाच, पण वाटेकरी दुप्पट झाले. प्रत्येक दाताची ढलपी पातळ निघते. शिवाय जाडी दुपटीहून थोडीच वाढली असली, तरी कापायचं क्षेत्र जवळजवळ पाचपट झालंय. वेळ जास्त लागणारच, आणि त्याचा दोष बारला देण्यात अर्थ नाही.

आणखी एक भानगड आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. दाताने काढलेली ढलपी लगेच बाहेर पडत नाही. दातापुढच्या पोकळीत बसून ती लाकडाच्या दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करते. काप रुंद असला की पोकळी वाटेतच भरते. भरलेला दात नुसता घासतो, चावत नाही. म्हणून लांब बारवर स्किप साखळी लावतात. तिच्यात दर दोन दातांमध्ये एका जोडकडीऐवजी, म्हणजे बिनदाताच्या कडीऐवजी, दोन असतात, त्यामुळे दात एक तृतीयांशाने कमी. बारच्या खाचेत बसणाऱ्या 84 कड्यांच्या साखळीत 42 दात असायचे, तिथे 28 राहतात. दात कमी करून काप सुधारतो, हे ऐकायला विचित्रच वाटतं. बारीक फांद्यांवर मात्र हीच साखळी धडधडते, हिसके देते.

दातावरूनच एक आठवण. अमेरिकेतले लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी 1946 मध्ये लाकूड पोखरणारी एक अळी बारकाईने पाहिली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून चालत होते. त्यावरून त्यांनी साखळीचा दात घडवला आणि 1947 मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. आजच्या बहुतेक साखळ्यांचे दात त्याच घराण्यातले.

[दृश्य: आखूड बारने जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापला जातोय.]

16 इंची बारनेही हा ओंडका कापता येतो. एका बाजूने अर्धा, मग पलीकडे जाऊन उरलेला. पण फेरी मारण्यात वेळ जातो, आणि दोन्ही चिरा एका रेषेत येतीलच असं नाही. साखळीचा वेग आणि कामाचा वेग इथे वेगळे होतात. जाड लाकडं रोजचीच असतील तर लांब बार नक्कीच फायद्याचा, फक्त मागे तेवढं इंजिन हवं. ढोबळ मानाने 50 सीसीला 16 ते 18 इंच, 70 सीसीला 20 ते 24. 30 इंचांच्या पुढे जायचं तर 90 सीसी किंवा त्याहून मोठं. लहान इंजिनाला मोठा बार लावायची हौस अनेकांना असते. पहिल्याच जाड ओंडक्यात ती फिटते.

लांब बारचं टोकही सांभाळावं लागतं. बारीक लाकूड कापताना ते पलीकडे बाहेर निघतं आणि नजरेआड होतं. टोकाचा वरचा चतुर्थांश मागच्या एखाद्या फांदीला लागला, की करवत क्षणात उसळून अंगावर येते.

[जवळून: बारच्या खाचेत तेलाचा थेंब.]

एकाच यंत्रावर दोन बार आलटून पालटून वापरणारे बरेच आहेत, आणि मला ते पटतं. बार बदलला की साखळीही बदलायची, कड्यांची संख्या वेगळी असते. पिच आणि खाचेची रुंदी जुळते का तेही बघायचं. लांब बार चढवताना तेलपंपाचा स्क्रू थोडा उघडायचा. मग करवत सुरू करून टोक एखाद्या फिकट लाकडासमोर जरा दूर धरायचं. त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली, तर तेल टोकापर्यंत पोचतंय.