आधी पुंकेसर पाहा, मग पाकळी: मराठवाड्यातली किराईत कुलाची रानफुलं

मंडळी, पाऊस ओसरला की गौताळ्याच्या घळींत, म्हैसमाळला, येडशीच्या रामलिंग अभयारण्यात फुलांचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. फोटो सुंदर येतात, पण किराईत कुलातल्या, म्हणजे जेन्शिएनेसीतल्या, झाडाचं नाव त्यांवरून सहसा ठरत नाही. फोटोत रंग येतो, आणि या कुलात सगळ्यात जास्त फसवतो तो रंगच. ओळख पटते ती पुंकेसरांवरून, म्हणजे फुलातल्या पराग देणाऱ्या नर-तंतूंवरून.

पण आधी कुल नक्की करा. पानं समोरासमोर, कडा अखंड, अंगावर लव जवळजवळ नाही. कळीत पाकळ्या एकमेकींवर पीळ देऊन गुंडाळलेल्या. बीजांडकोश (पुढे ज्याचं फळ होतं तो भाग) फुलाच्या आत, पाकळ्यांच्या तळापेक्षा वर. इथे परिपाठ या रानवनस्पतीच्या कुलातली, म्हणजे रुबिएसीतली, झाडं हटकून गोंधळ घालतात, कारण त्यांचीही पानं समोरासमोर आणि फुलं बारीक पांढरी असतात. भिंगातून दोन पानांच्या मधली जागा पाहा. तिथे उपपर्ण (देठाच्या तळाशी असणारं पानासारखं छोटं अंग) किंवा केसाळ झालर असेल आणि बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली असेल, तर ते किराईत कुल नव्हे. चव घेऊन ठरवू नका. काडेचिराईतही कडू आणि हिमालयातला खरा चिरायताही कडू, पण काडेचिराईत अडुळशाच्या कुलातली. तिचं फूल दोन ओठांचं, पुंकेसर दोनच.

मराठवाड्यात फिरताना पाच वंश डोळ्यांपुढे ठेवले तरी बरंच काम भागतं. सोपा आधी सांगतो: मामेजवा, ज्याला नाई असंही म्हणतात, म्हणजे एनिकोस्टेमा. अरुंद, लांबट पानं आणि प्रत्येक पेराशी बिनदेठाच्या पांढऱ्या फुलांचे झुबके. पाकळ्या पाच, पुंकेसर पाच, आणि प्रत्येक पुंकेसराच्या तळाशी छोटी टोपीसारखी दुहेरी खवली. ती खवली दिसली की शंका उरत नाही.

खरी कसोटी किलवरची, म्हणजे कॅन्सकोराची. ओलसर कातळावर, ओढ्याच्या सावलीत उभी असते. पाकळ्या चार, पण सारख्या नाहीत: वरच्या दोन सुट्या, खालच्या दोन बऱ्यापैकी जोडलेल्या. पाकळ्या तळाशी जुळून झालेली नळी सुईने उभी चिरा. पुंकेसर चार, त्यांतला एकच मोठा, भरलेल्या परागकोशाचा (टोकाच्या परागाच्या पिशवीचा). उरलेले तीन आखूड आणि किरकोळ. वंश इथे ठरतो. पुढे प्रजातीसाठी फुलाकडे पाहणं थांबवा आणि खोडाचा आडवा छेद घ्या. कॅन्सकोरा डिफ्यूझाचं खोड गोल किंवा चौकोनी, पण त्याला पंख नाहीत, निदलपुंजही (पाकळ्यांखालचा हिरवा पेलाही) बिनपंखाचा. कॅन्सकोरा अलाटाच्या खोडाला चार पातळ पंख असतात आणि निदलपुंजालाही रुंद पंख. अमुक गुलाबी म्हणून डिफ्यूझा, तमुक पांढरी म्हणून अलाटा, हा हिशेब धोक्याचा आहे. सावलीतली गुलाबी फुलं फिकट पडतात, वाळल्यावर तर सगळीच मळकट पिवळी दिसतात. छेद मात्र खोडाच्या मधल्या पेराशी घ्या. अगदी टोकाच्या कोवळ्या फांदीवर कोन आणि पंख यांतला फरक कळत नाही.

होप्पिया म्हणजे किलवरचं बोटभर रूप, असं समजून पुष्कळ जण पुढे निघून जातात. तिच्यातही चारांपैकी बहुधा एकच पुंकेसर कामाचा. पण फूल काही मिलिमीटरचं, नळी आखूड आणि पाकळ्या जवळजवळ सारख्या. किलवरचं दोन वर, दोन खाली असं तिरकसपण तिच्यात नाही.

एक्झॅकमच्या निळ्या-जांभळ्या फुलात जाड पिवळे परागकोश उठून दिसतात. ते लांबीत फाटण्याआधी टोकाला छिद्र पाडून उघडतात, आणि भुंगा फुलाला धरून गुणगुणला की त्या छिद्रातून पराग बाहेर उडतो. या वंशात कुक्षीचा (पराग झेलणाऱ्या स्त्री-टोकाचा) दांडा एका बाजूला वाकलेला असतो. काही फुलांत डावीकडे, काहींत उजवीकडे. या दोन प्रजाती नव्हेत. ठेंगणेपणावरूनही प्रजात ठरवू नका. मुरमाड जमिनीत तेच झाड वीतभरही वाढत नाही.

नाथसागराचं पाणी मागे सरकलं की ओलसर काठावर शेंकिया शोधा. जुन्या यादीत ती सेंटोरियम नावाने सापडेल. पाकळ्या पाच, गुलाबी, आणि पराग सांडून झाला की परागकोश स्क्रूसारखे पिळतात. ताज्या उमललेल्या फुलात हा पीळ नसतो, म्हणून त्याच झाडावरचं जुनं फूल पाहा. आभाळ आलं की ही फुलं मिटतात. उन्हाच्या वेळी जा. जुन्या यादीचा विषय निघालाच आहे, तर तळ्यातली कुमुदिनीही तुम्हाला याच कुलात मांडलेली दिसेल. आता तिचं कुल वेगळं आहे.

नमुना घेताना दहापट भिंग, ब्लेड, सुई आणि मिलिमीटरची पट्टी जवळ ठेवा. चार फोटो काढा: फूल समोरून, निदलपुंज बाजूने, मधलं पेर, आणि चिरलेली नळी. एखादं फूल जागीच उघडून टिपकागदात दाबा, रंग लगेच वहीत लिहा. अख्खं दाबलेलं फूल नंतर तपासायचंच झालं, तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा आणि पाण्याच्या थेंबातच चिरा. कोरडंच उघडायला गेलात तर आधी पुंकेसरच तुटतात.