पासवर्ड कोणाला माहीत होता?

(दृश्य: फोनचा पडदा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधली ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी. अनोळखी संगणकाची एक ओळ.)

निवेदन :

एका फोनवरच्या व्हॉट्सॲपला आणखी ४ उपकरणं जोडता येतात. त्याला लागतो फोनचा पिन, क्यूआर कोड आणि जेमतेम अर्धं मिनिट. फोन चार्जिंगला लावून माणूस आंघोळीला गेला, एवढा वेळ पुरतो. पुढचे सगळे निरोप मग दुसरीकडेही उमटत राहतात.

म्हणून सायबर स्टॉकिंगच्या, म्हणजे फोन-इंटरनेटवरून कोणाचा पिच्छा पुरवण्याच्या, तपासात पासवर्ड कोणी फोडला यापेक्षा तो कोणाला माहीत होता, हे आधी विचारावं. अमेरिकेच्या न्याय खात्यानं २००६ साली पाठलागाच्या बळींची मोठी पाहणी केली. त्यात ४ पैकी जवळपास ३ बळी त्रास देणाऱ्याला या ना त्या नात्यानं ओळखत होते.

पण आकडा कुठून आला हेही पाहायला हवं. ब्रिटनमधल्या बेडफर्डशायर विद्यापीठाची २०११ ची पाहणी ऑनलाइन होती, लोकांनी आपणहून भरलेली. तिथे अनोळखी आणि तोंडओळखीच्या माणसांचं प्रमाण ठळक दिसतं. आपणहून पुढे येणारे बळी सगळ्या बळींचा नमुना नसतात.

त्रास देणाऱ्यांचा अभ्यास तर याहून चिंचोळ्या खिडकीतून झाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या पॉल मलन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १४५ स्टॉकर्सचे पाच प्रकार मांडले : नकार न पचलेला, जवळीक शोधणारा, प्रेम जुळवण्यात अनाडी, डूख धरलेला आणि शिकारी. नकार न पचलेल्यांचा गट सर्वांत मोठा. ही विभागणी आजही वापरतात, आणि ती उपयोगीही आहे. मात्र हे सगळे मनोविकार केंद्राकडे पाठवलेले लोक होते, आणि स्मार्टफोन तेव्हा नव्हता.

(दृश्य: पोलीस ठाण्याचं टेबल, छापील स्क्रीनशॉटचा गठ्ठा.)

भारतात २०१३ साली स्टॉकिंगसाठी भारतीय दंड संहितेत कलम ‘३५४ ड’ आलं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. स्त्रीनं नको म्हटल्यावरही संपर्क साधत राहणं किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणं, दोन्ही यात येतं. बळी पुरुष असेल तर हे कलम लागत नाही. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद, पण गुन्हा जामीनपात्र. आरोपी लगेच बाहेर येऊ शकतो. तक्रारीआधीच तयारी हवी ती यासाठी.

त्या तयारीत क्रम चुकला की घोटाळा होतो. घाबरून आधी ते अनोळखी उपकरण काढून टाकलं, की समोरचा सावध होतो आणि पडद्यावरचा पुरावाही जातो. आधी यादीचा फोटो दुसऱ्या फोनवरून घ्यावा, तारीख-वेळ दिसेल असा. मग त्याच्या हाताला कधीच न लागलेल्या फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदलावा. जोडलेली उपकरणं सर्वांत शेवटी काढावीत. जिवाला धोका वाटत असेल तर अर्थात पुराव्यासाठी थांबू नये.

खोट्या प्रोफाइलचं नुसतं नाव टिपून भागत नाही. ते मिनिटात बदलतं. प्रोफाइलची पूर्ण लिंक जपावी. धमकीची ईमेल फॉरवर्ड केली तर मूळ हेडर, म्हणजे ती कुठून, कधी आली याच्या तांत्रिक ओळी, सोबत जात नाही. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी.

हेडरमध्ये आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, मिळालाच, तरी मोबाइल नेटवर्कवर तोच पत्ता एका वेळी अनेक ग्राहक वापरत असतात. माणसापर्यंत पोचायला सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि एकाच पत्त्यावरचे ग्राहक वेगळे ओळखू देणारा पोर्ट क्रमांकही. तो क्रमांक ईमेलची सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदीत शोधावा लागतो. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना संगणकीय नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. त्यानंतर त्या मिळतीलच असं नाही.

(दृश्य: हेडरमधली एकच ओळ, वेळेवर बोट.)

आणि वेळ वाचताना जपून. इथे २०:३० लिहिलंय, पुढे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. साडेपाच तास मिळवले की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे २ वाजतात. पोलिसांच्या पत्रात नुसतं ‘रात्री साडेआठ’ गेलं, तर मोबाइल कंपनी भलत्याच ग्राहकाचं नाव कळवते.